छत्रीला बांधलेली गुढी

आमच्या गच्चीवरची डिशची छत्री मीच फिरवली होती. तळमजल्यावरच्या काकूंनी नाही, त्यांच्या वाळवणाच्या दोरीनं नाही, माकडांनी नाही आणि वाऱ्यानंही नाही. मी. हे एवढं साधं वाक्य चारचौघांत बोलायला मला बारा दिवस लागले. त्या बारा दिवसांत मी काय काय केलं ते आठवलं की अजून कान गरम होतात. पण आता बोलून झालंय, म्हणून लिहिताना हात जड होत नाही.

आम्ही पंचवटीत राहतो, भाजी बाजाराच्या मागच्या एका बोळात. दोन मजली जुनी इमारत, चार बिऱ्हाडं आणि सगळ्यांची मिळून एक गच्ची. घरी बायको आणि मी, दोघंच. पाण्याची टाकी आणि मोटर मी बघतो, म्हणून गच्चीच्या कुलपाची किल्ली माझ्याकडे असते. कुलूप असलं तरी ते कधी लावलेलं नसायचं, कडीला नुसतं अडकवलेलं असायचं. नोकरी अंबडच्या एका कारखान्यात, तपासणी विभागात. मशीनवरून उतरलेला भाग हातात घ्यायचा, मोजायचा आणि कुठे काय चुकलंय ते लिहून द्यायचं. सव्वीस वर्षं हेच करतोय. दुसऱ्याच्या कामातला दोष आपल्याला पटकन दिसतो, अशी माझी स्वतःबद्दल फार जुनी समजूत होती.

पाडव्याची गुढी आम्ही दरवर्षी गॅलरीच्या कठड्याला बांधायचो. गेल्या वर्षी दुपारच्या वाऱ्यात ती कलली आणि वरचा तांब्या सुटून खाली उभ्या असलेल्या रिक्षाच्या टपावर पडला. रिक्षावाला भला माणूस. "आमच्या रिक्षाची पण पूजा झाली," म्हणाला आणि तांब्या परत आणून दिला. पण बायकोनं ते मनावर घेतलं. या वर्षी सकाळीच तिनं बजावलं, "कुठे बांधायची तिथे बांधा, पण हलता कामा नये."

म्हणून मी गच्चीवर गेलो. गच्चीवर सगळ्यात भक्कम वस्तू म्हणजे डिशच्या छत्रीचा पाईप. तो मी स्वतः उभा राहून सिमेंटमध्ये बसवून घेतला होता. गुढीची काठी चांगली उंच होती, म्हणून खालची गाठ पाईपला मारली आणि वरची गाठ छत्रीच्या मागच्या लोखंडी पट्टीला. सुतळीचे सहा-सात वेढे दिले. हिरवी साडी, कडुनिंबाचा डहाळा, साखरेची गाठी, वर तांब्या. हलवून पाहिली. जागची हलली नाही. मी खूश.

दुपारी धाकट्या भावाकडे सिडकोत जेवायला गेलो. निघायला उशीर झाला, परत आलो तेव्हा दिवस मावळत होता. गुढी सूर्यास्ताच्या आत उतरवायची, म्हणून बायकोनं जिन्यातूनच घाई लावली. मी तसाच चपला घालून वर गेलो. खालची गाठ सुटली, वरची सुटेना. दिवसभराच्या वाऱ्यानं ती आवळून बसली होती. खाली जाऊन कात्री आणायचा कंटाळा केला. काठी दोन्ही हातांनी धरली आणि दोन-तीन हिसके दिले. तिसऱ्या हिसक्याला सुतळी तुटली आणि गुढी माझ्या खांद्यावर आली. त्या वेळी 'कर्र' असा आवाज झाला होता. तो आवाज मी ऐकला होता. पण तांब्या सांभाळण्याच्या नादात त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

त्या दिवशी श्रीखंडानं आम्ही दोघंही इतके सुस्त झालो होतो की टीव्ही लावलाच नाही. दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी सातला बातम्यांसाठी टीव्ही लावला, तर निळ्या पडद्यावर 'सिग्नल उपलब्ध नाही'.

अशा वेळी मी ताबडतोब तंत्रज्ञ होतो. बॉक्स बंद करून पाच मिनिटांनी चालू केला. मागचं कार्ड काढून बनियनला पुसलं, पुन्हा बसवलं. केबलचा पितळी स्क्रू घट्ट केला, मग सैल केला, मग पुन्हा घट्ट केला. शेवटी रिमोटवरून सेटिंगमध्ये गेलो. तिथे दोन पट्ट्या दिसतात, एक सिग्नलच्या ताकदीची आणि एक दर्जाची. ताकद ब्याऐंशी होती. दर्जा शून्य. याचा अर्थ मला ठाऊक होता. केबल ठीक, छत्रीच्या पुढच्या दांडीवरचं यंत्र ठीक, बॉक्स ठीक. फक्त छत्री जिकडे बघायला हवी तिकडे बघत नाहीये. आमची छत्री आग्नेयेकडे बघते, आणि ती दोन बोटं जरी इकडेतिकडे झाली तरी तिला काहीही दिसत नाही.

इथपर्यंतची माझी तपासणी अगदी बरोबर होती, हे मी आजही म्हणेन.

वर गेलो तर काकू वाळवण घालत होत्या. काकूंचं वय सत्तरीच्या पुढे. काका गेल्यापासून तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत एकट्या राहतात. मुलगी नांदगावला दिलेली. चैत्र लागला की आमच्या इमारतीतल्या चारही घरांची वाळवणं काकूंच्या देखरेखीखाली होतात. कुणाचा चीक किती शिजला, कुणाच्या पापडाला खार किती, सगळं त्याच ठरवतात. त्या दिवशी समोरच्या वहिनी आणि वरच्या मजल्यावरची मास्तरीणबाई त्यांच्या मदतीला होत्या. जुन्या साड्यांवर साबुदाण्याच्या चकल्यांच्या ओळी लागल्या होत्या. आणि कावळ्यांना भिववायला काळी फडकी लावलेली एक दोरी टाकीपासून थेट माझ्या छत्रीच्या पाईपला बांधलेली होती.

मला कारण सापडलं. इतक्या लवकर सापडल्याचा आनंदच झाला, हेही कबूल करतो.

"काकू, ही दोरी इथे कुणी बांधली?"

"मी. का रे?"

"छत्रीच्या पाईपला?"

"दरवर्षी तिथेच तर बांधते. टाकीच्या नळाला बांधली तर तू ओरडतोस, पाईपला बांधली तर तू ओरडतोस. आता तुझ्या गळ्यात बांधू का?"

वहिनी फिसकन हसल्या. त्या हसण्यानं माझं डोकं फिरलं. मी ताकद ब्याऐंशी, दर्जा शून्य वगैरे सगळं शास्त्र त्या तिघींना ऐकवलं. म्हणालो, "छत्री आपोआप फिरत नसते. कुणीतरी ओढल्याशिवाय फिरत नाही."

काकू म्हणाल्या, "मला त्यातलं काय कळतंय बाबा. सोडते दोरी."

एवढ्यावर मी थांबायला हवं होतं. पण मी म्हणालो, "आता सोडून काय उपयोग? गच्ची सगळ्यांची आहे. तुम्ही ती स्वतःचं अंगण करून टाकलंय."

मास्तरीणबाई मध्ये पडल्या. "अहो भाऊ, नातीच्या रुखवताचं चाललंय त्यांचं. पंचवीस दिवसांवर लग्न आलंय. उद्या-परवा रंगीत कुरडया घालायच्यात, घरी गहू भिजत पडलेत."

"मग रुखवत घरात मांडा म्हणावं," मी म्हणालो. "माझी छत्री कशाला मोडता?"

माझी छत्री, असं म्हणालो मी.

काकूंनी दोरीची गाठ सोडली, फडकी एकेक करून गोळा केली. चकल्या अजून ओल्या होत्या. तरी साडीची चार टोकं दोघींनी धरली आणि ती झोळी जिन्यावरून खाली नेली. अर्ध्या चकल्या एकमेकींना चिकटल्या असणार. सगळ्या गेल्यावर मी दाराला कुलूप लावलं. तसं काही कारण नव्हतं. पण रागाच्या भरात केलेलं काम पूर्ण केल्याशिवाय मला चैन पडत नाही.

बायकोला ही हकीकत माझ्याआधी वहिनींकडून कळली. ती म्हणाली, "काकूंना बोललात? काकूंना? मला टायफॉइड झाला होता तेव्हा महिनाभर पेज कुणी करून घातली?"

"त्याचा आणि छत्रीचा काय संबंध?"

"काहीच नाही," ती म्हणाली आणि माझ्यासमोर चहा जरा जोरात ठेवला.

सोमवारी संध्याकाळी कामावरून आल्यावर मी पाना घेऊन वर गेलो. एकटाच. उन्हं उतरली होती, पण चांगलं दिसत होतं. छत्रीच्या मागे वाकलो आणि पहिल्यांदा मुंग्या दिसल्या. लाल मुंग्यांची एक रांग पाईपवरून वर चढून लोखंडी पट्टीपर्यंत गेली होती. तिथे साखरेच्या गाठीचा एक तुकडा वितळून चिकटला होता. त्याच्या शेजारी माझी सुतळी, चार वेढे, आणि तुटलेलं टोक वाऱ्यावर हलत होतं. वेढ्यात कडुनिंबाची दोन वाळकी पानं अडकली होती.

मी पाईप पाहिला. छत्री पाईपला ज्या पट्ट्यानं आवळलेली असते, तो पट्टा जागेवरून सरकला होता. इतकी वर्षं पट्ट्याखाली झाकलेला पाईपचा भाग चकचकीत दिसत होता. मी बोटानं मोजला. बरोबर दोन बोटं. आणि ओढ कुठून बसली तेही दिसत होतं, कारण पट्टी जिथे सुतळी होती तिथेच वाकली होती. काकूंची दोरी पाईपच्या बुडाशी होती, सिमेंटपासून हातभर उंचीवर. तिथे म्हैस बांधली असती तरी छत्री फिरली नसती.

कारखान्यात असा भाग माझ्या टेबलावर आला असता तर मी अर्ध्या मिनिटात निकाल लिहून दिला असता.

मी सुतळी कापली. पानं काढली. गाठीचा तुकडा पान्यानं खरवडला. सगळं खिशात घातलं. हे मी नंतर किती वेळा मनात घोळवलं. काकूंना बोललो ती चूक रागाच्या भरात झाली. सुतळी खिशात घातली ती चूक नव्हती. ते मी शांतपणे, आजूबाजूला बघून केलं.

मग छत्री स्वतःच जागेवर आणायचं ठरवलं. बायकोला फोन लावला, ती टीव्हीसमोर बसली.

"दर्जा किती?"

"शून्य."

मी जरासा धक्का दिला. "आता?"

"शून्य. नाही, थांबा, बारा! बारा आलं!"

"तिथेच बघ."

"गेलं."

"कसं गेलं?"

"मला काय विचारता? मी काय हात लावलाय का?"

पाऊण तास हे चाललं. पट्ट्याचा नट गंजलेला होता, आवळला की छत्री पुन्हा घसरायची. एकदा अठ्ठावीसपर्यंत गेलं, पडद्यावर कुणाचं तरी अर्धं तोंड चौकोन चौकोन होऊन दिसलं आणि गायब झालं. बायको म्हणाली, "राहू द्या. उद्या माणूस बोलवा." उतरताना मी पुन्हा कुलूप लावलं. आता तर कारण होतं. कुणी वर येऊन काही पाहू नये असं मला वाटत होतं.

मंगळवारी सकाळी दारात काकू नव्हत्या, पण त्यांनी पाठवलेली वाटी होती. वहिनींच्या हाती आली. गव्हाचा गरम चीक, वर दूध आणि साखर. गहू तीन दिवस भिजले होते, चीक निघाला होता, तो थांबत नाही. घालायला गच्ची नव्हती, म्हणून काकूंनी कुरडयांचा नाद सोडला आणि सगळा चीक शिजवून चारही घरी वाटला.

"आमच्याकडेही?" बायकोनं विचारलं.

वहिनी म्हणाल्या, "मी म्हटलं, तिकडे कशाला देता? तर म्हणाल्या, त्याला लहानपणापासून चीक आवडतो, त्याच्या आईनं सांगितलं होतं मला."

मी तो चीक खाल्ला. नको म्हणालो असतो तर का ते सांगावं लागलं असतं. आयुष्यात एवढा चविष्ट आणि एवढा घशात अडकणारा पदार्थ मी खाल्लेला नाही. वहिनींनी जाता जाता सांगितलं की काकूंनी नांदगावला मुलीला फोन करून कळवलंय, "यंदा माझ्याच्यानं होत नाही, कुरडया बाजारातून घ्या." ज्या बाईनं अख्ख्या बोळाच्या पोरींची रुखवतं सजवली, तिच्या नातीच्या रुखवतात बाजारच्या कुरडया. आणि काकूंनी माझं नाव घेतलं नव्हतं. माझ्याच्यानं होत नाही, म्हणाल्या.

डिशवाला बुधवारी आला. माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी मोठा, नामपूरकडचा, पाठीला बॅग आणि कानाला इयरफोन. मी त्याला वर नेलं, बायको खाली टीव्हीसमोर, फोन त्याच्या हातात, स्पीकर चालू. त्यानं छत्रीच्या मागे एकदा पाहिलं आणि हसला.

"भाऊ, गुढी बांधली व्हती का हिला?"

"का हो?"

"अहो, पट्टी बघा कशी वाकलीय. पाडवा झाला की आठ दिवस आमचा सीझन असतो. लय लोक बांधतात. आज ही माझी तिसरी हाय."

मी शेवटचा प्रयत्न केला. "वाळवणाची दोरी होती खाली पाईपला. तिनं नसेल झालं?"

"दोरीनं? नाय ओ! दोरीनं झालं असतं तर समद्या बाया वाळवण सोडून छत्र्याच फिरवत बसल्या असत्या. हिला वरून धरून कुणीतरी हिसका दिलाय. जोरात."

फोनमधून बायकोचा आवाज आला. अगदी शांत. "काय म्हणाले ते? पुन्हा सांगायला सांगा."

त्यानं खुशाल पुन्हा सांगितलं.

मग त्यानं जुना नट कापून काढला, नवा घातला, पट्टी हातोडीनं सरळ केली. छत्री आग्नेयेकडे वळवत एकेक केसभर सरकवायचा आणि फोनमध्ये ओरडायचा, "सिग्नल उना का?" बायकोला त्या अहिराणीतलं 'उना' म्हणजे 'आला' हे कळायला एक मिनिट लागलं, मग तीही त्याच चालीत, "नाही उना! नाही उना! उना, उना! एकाहत्तर!" खालून बातम्यांचा आवाज गच्चीपर्यंत आला. मला एवढं हलकं वाटलं की मी त्या माणसाचा हात हातात घेऊन हलवला. तो जरा चकित झाला. त्याच्या मते त्यानं एक नट बदलला होता.

पण तो आनंद जिना उतरेपर्यंतच टिकला. बायको दारात उभी होती.

"जाऊन सांगा त्यांना."

"सांगतो."

"कधी?"

"सांगतो म्हटलं ना."

मग मी गेलो नाही. गुरुवारी ओव्हरटाइम होता. शुक्रवारी काकूंकडे कुणीतरी पाहुणे दिसले. शनिवारी माझा घसा दुखत होता. काकू जिन्यात भेटल्या की "काय रे, जेवलास का?" विचारायच्या, नेहमीसारखंच. ते नेहमीसारखं असणं मला सहन होत नव्हतं. त्यांनी तोंड फिरवलं असतं तर मला बरं वाटलं असतं. टीव्ही झकास चालत होता आणि मी तो लावत नव्हतो. लावला की आवाज तळमजल्यावर जाईल असं वाटायचं. रविवारी बायको म्हणाली, "लग्नाला अठरा दिवस राहिले. गहू भिजवायला तीन दिवस, वाळायला चार दिवस, सजवून मांडायला वेगळे. तुम्ही हिशोबी माणूस आहात, करा हिशोब."

मी किल्ली घेतली आणि खाली गेलो.

काकू लसूण सोलत बसल्या होत्या. मी उभ्या उभ्याच बोललो. "काकू, छत्री तुमच्या दोरीनं फिरली नव्हती. मी गुढी बांधली होती तिला, त्यानं झालं. डिशवाला आला तेव्हा कळलं मला. माझं चुकलं. ही किल्ली तुमच्याकडे ठेवा."

'डिशवाला आला तेव्हा कळलं.' माफी मागताना मी खोटं बोललो. ठरवून आलो नव्हतो, तोंडातून तसंच निघालं.

काकूंनी किल्लीकडे पाहिलं नाही. लसणाची पाकळी ताटलीत टाकली. "डिशवाला कधी आला?"

"बुधवारी."

"आज काय वार?"

"रविवार."

"हं," त्या म्हणाल्या. हात पदराला पुसले. मग म्हणाल्या, "मला एकटीला सांगून मी काय करू? मला तेव्हाच माहीत होतं, माझी दोरी कुठे होती ती. तू मला बोललास ते वर, दोघींच्या देखत. त्या दोघींच्या घरात सुना आहेत, लेकी आहेत, त्यांच्यापर्यंत गेलंय. म्हातारीनं छत्री मोडली म्हणून. आता इथे दाराआड येऊन माझं चुकलं म्हणतोस."

"मग काय करू?"

"मी काय सांगू? तू शिकलेला आहेस." पुन्हा लसूण हातात घेतला. "आजच गहू भिजवते. गुरुवारी सकाळी कुरडया घालायला वर जाईन. कुलूप उघडं ठेव म्हणजे झालं. किल्ली तुझ्याकडेच असू दे, मोटर कोण बघणार?"

मी वर आलो आणि खुर्चीत बसलो. बायकोनं विचारलं, "काय म्हणाल्या?" मी सांगितलं. ती म्हणाली, "बरोबर बोलल्या."

मला बुधवारी झोप लागली नाही असं लिहिलं तर ते खरं होणार नाही. चांगली लागली. गेल्या दहा दिवसांत पहिल्यांदा लागली. काय करायचं ते कुणीतरी ठरवून दिलं होतं. फक्त ते करायचं राहिलं होतं. कारखान्यात फोन करून अर्ध्या दिवसाची रजा टाकली. साहेबांनी कारण विचारलं. "कुरडया," मी म्हणालो. आपल्याला नीट ऐकू आलं नाही असं त्यांना वाटलं असावं, त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

गुरुवारी सातला वर गेलो तेव्हा ऊन चढायला लागलं होतं. साड्या अंथरलेल्या, पातेल्यातून वाफा येत होत्या. एका पातेल्यातला चीक गुलाबी, एकातला हिरवा, एकातला पांढराच. काकू सोऱ्या दाबत होत्या, वहिनी चीक भरून देत होत्या. मास्तरीणबाई काळी फडकी दोरीला बांधत बसल्या होत्या, पण दोरी कुठे बांधायची म्हणून अडल्या होत्या. माझ्या मागून बायकोही आली, पाट घेऊन. तिला मदत करायची होती, आणि बघायचंही होतं.

मला बघून वहिनी म्हणाल्या, "आले साहेब. काकू, लपवा सोऱ्या, जप्त करतील."

"काय भाऊ, आज काय बिघडलं?" मास्तरीणबाई.

मी दोरीचं टोक त्यांच्या हातातून घेतलं, छत्रीच्या पाईपपाशी गेलो आणि बांधलं. गाठ दोनदा मारावी लागली. मग वळलो.

"मला बोलायचंय."

"मग बोला की," वहिनी म्हणाल्या, "तुम्हाला कधीपासून परवानगी लागायला लागली?"

"वहिनी, थांबा जरा," बायको म्हणाली.

काकूंनी हातातली कुरडई पुरी केली. शेवटचा वेढा बोटानं तोडला आणि सोऱ्या मांडीवर ठेवला. वर बघितलं आणि वाट बघत बसल्या. मला मदत करायची त्यांची इच्छा नव्हती, आणि ते योग्यच होतं.

"त्या रविवारी मी काकूंना इथे तुम्हा दोघींच्या देखत बोललो," मी म्हणालो. "त्यांच्या दोरीनं छत्री फिरली म्हणून. ते खोटं होतं. दोरीनं काहीही झालं नव्हतं. मी गुढी छत्रीला बांधली होती, आणि उतरवताना कात्री आणायचा कंटाळा केला नि हिसके दिले. छत्री मी फिरवली."

वहिनींनी तोंडाला पदर लावला. हसत होत्या की काय, मी बघितलं नाही. बायकोला हे सगळं ठाऊक होतं. पुढचं ठाऊक नव्हतं, आणि आता तिच्याकडेही बघवेना, म्हणून मी काकूंकडेच बघत राहिलो.

"आणि काकू, डिशवाला आल्यावर कळलं असं मी तुम्हाला खाली सांगितलं, तेही खोटं. मला सोमवारीच कळलं होतं. इथे येऊन मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी गप्प बसलो, कुलूप उघडलं नाही, तुमचा चीक वाया जाऊ दिला, आणि तुम्ही पाठवलेली वाटी खाल्ली. तुम्हाला मुलीला फोन करून नाही म्हणावं लागलं ते माझ्यामुळे. माझ्या हातून फार चुकलं, काकू. मला माफ करा."